मैनाचे निरोप

“मॅडमना सांग, माझं लहानपण झकास गेलं. पुढचं विचारा म्हणावं,” हैबतराव बायकोला म्हणाले.

मैना मोबाईलकडे वळली. “हे म्हणतात, तुम्ही आपुलकीने विचारलंत, बरं वाटलं.”

मोबाईलमधल्या समुपदेशक भाविका मॅडम गालातल्या गालात हसल्या. त्यांना हैबतरावांचं सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. मोबाईल समोरच तर होता, पेणमधल्या घरच्या गणपतीमूर्तींच्या कारखान्यात रंगाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पण सवय ती सवय. जितेशने वडिलांचा कारखाना सोडून रोह्याच्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. एकाच घरात राहायचे, एकाच पंगतीला जेवायचे, आणि बोलायची वेळ आली की मैनाला मध्ये घ्यायचे. सांग त्याला. सांग त्यांना.

मैनाही काही कमी नव्हती. निरोप आहे तसे पोचवले असते तर त्या घरात रोज भांडी आपटली असती. हैबतराव म्हणायचे, त्या साहेबाला सांग, बूट दारातच टाकून जाऊ नको. मैना जितेशला सांगायची, बाबा विचारत होते, शिफ्ट करून पाय दुखतात का रे. जितेश म्हणायचा, त्यांचा कारखाना त्यांनाच लखलाभ. मैना नवऱ्याला सांगायची, जितेश म्हणतो, बाबांनी आता जरा दमाने घ्यावं. ही विद्या तिला सासूकडून, काशीबाईंकडून मिळाली होती. हैबतरावही आपल्या वडिलांशी कधी थेट बोलले नव्हते. सासूने दागिने हातचे सोडले नाहीत. हे काम मात्र पहिल्याच वर्षी सुनेच्या गळ्यात घातलं.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. जितेशने रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतली होती. येत्या एक तारखेला तो आणि त्याची बायको सुरभी बिऱ्हाड हलवणार होते. जायच्या आधी एकदा मनातलं बोलून तर टाका, म्हणून सुरभीनेच या मॅडम शोधल्या होत्या आणि चौघांना मोबाईलसमोर बसवलं होतं. दुखणं आजचं असलं तरी मॅडम उकरायला लहानपणापासून घेत. मैनाने देव पाण्यात बुडवून ठेवले होते. बापलेक एकदा बोलायला लागले की पोरगा कशाला घर सोडतोय, असा तिचा हिशोब होता.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “मैनाताई, आज तुम्ही कुणाचाच निरोप पोचवायचा नाही. नुसतं बसायचं.”

मैनाने तोंडाला पदर लावला. मोबाईलची रेंज गेली की काय, म्हणून ती वाकून बघायला लागली, तेव्हा जितेशने घसा खाकरला.

“बाबा, माझे पाय दुखतात का, असं तुम्ही कधी विचारलंच नव्हतं ना?”

“नाय,” हैबतराव म्हणाले. “आणि मी दमाने घ्यावं, असं तू म्हणालास?”

“कधीच नाही.”

मैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेली, आता दोघं मिळून आपल्याला फाडून खाणार. पण हैबतरावांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, ते जितेशला म्हणाले, तुझी आजीपण हेच करायची. जितेश म्हणाला, मलाही कळत होतं, पण ऐकायला बरं वाटायचं. हैबतराव मान खाली घालून म्हणाले, मलापण. मग जो हशा पिकला, त्यात सुरभीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

झालं, मैनाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. आणि बापलेक बोलायला लागले ते थांबेचनात. खोलीला पाणी आहे का, हैबतरावांनी विचारलं. माडीवर आहे का खाली, वारा येतो का. कपाट टेम्पोने आपण आणून देऊ, म्हणाले. रविवारी तिथे जेवायलाच येतो, म्हणाले. जितेशचं तोंड नुसतं फुललं होतं. मैना दोघांकडे बघतच राहिली. अहो, हे काय चाललंय?

“मैनाताई,” मॅडमनी विचारलं, “तुम्हाला काय म्हणायचंय?”

“हे म्हणतात की...” मैनाने सुरुवात केली आणि ती अडखळली. हे तर स्वतःच बोलत होते, आणि मजेत होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं. कुणी तिला शब्द देईना. पदर तोंडावरून आपोआप खाली आला.

“जितेश, तू जाऊ नको रे,” ती म्हणाली. “हे बाबा नाय सांगत. मी सांगते.”