भगदाड

हेडसरांची बायको नोकरीला दुसऱ्या गावी. बदलीसाठी सर दरवर्षी अर्ज करायचे आणि वस्तीतले पालक वर जाऊन, हातापाया पडून बदली रद्द करून आणायचे. यंदा सरांनी ठरवलं, लोकांच्या डोक्यातच जायचं.

शाळेच्या मागच्या भिंतीला जुनं भगदाड होतं. तास बुडवून पोरं त्यातून पळायची, स्टेशन गाठायला अख्खी वस्ती त्यातूनच वाकून जायची. शनिवारी बायकोकडे निघालेले सरसुद्धा. सरांनी गवंडी बोलावून ते पार लिंपून टाकलं आणि बायकोला फोन केला, "आता बघ, लोकच मला हाकलतात की नाही!"

आठवड्याभरात फाटकावर ही गर्दी! सरांनी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली.

पुढे आला तो कोपऱ्यावरचा वाणी, सरांचाच विद्यार्थी. हात जोडून म्हणाला, "सर, याच भगदाडातून पळून पळून आम्ही दहावीला आपटलो. आमच्या पोरांचं तरी तुम्ही भलं केलंत. असा माणूस आम्ही सोडतो होय? साहेबांना भेटून आलोय. आता निवृत्तीपर्यंत तुमची बदली नाही!"

टाळ्यांच्या कडकडाटात सरांचे पाय आपसूक मागच्या भिंतीकडे वळले.

प्लास्टर अगदी खडखडीत वाळलं होतं.