हौदाजवळचं स्टूल

“आज तुम्ही नुसतं बघा, मिस्त्री. पाळी मी सोपवते,” बाई म्हणाल्या आणि टॅब घेऊन रिकाम्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या.

पंपघरातल्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव समजूतबाई ठेवलं होतं. नव्या पद्धतीला नाकं मुरडणाऱ्यांची समजूत काढणं हाच त्यांचा पेशा, आणि त्यात त्या चांगल्या मुरलेल्या होत्या. इथली माणसं मात्र नाकंही मुरडत नव्हती. टॅब त्यांनी एका दुपारीच शिकून टाकला. चष्मेवाला ऑपरेटर तर उलट बाईंच्याच चुका काढायला लागला. घोडं अडलं होतं ते स्टुलापाशी. पाळी बदलताना जाणारा माणूस हौदाच्या झाकणाजवळच्या त्या लोखंडी स्टुलाला तोंडी सगळं सांगायचा, ‘खाली कोणी नाही’ म्हणायचा आणि थांबायचा. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मिनिटा-दोन मिनिटांत तो फरशीवर टक् करून वाजायचा. याला ते ‘हो आला’ म्हणत. मगच येणारा माणूस हौदात पाणी सोडायचा.

साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, स्टूल आज भंगारात गेलं पाहिजे. नाही गेलं तर उद्यापासून बाईंनी यायची गरज नाही, आणि मिस्त्रींनीही नाही.

“कोण बसायचं यावर?” बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

“मेव्हणा माझा.” मिस्त्री चिंधीनं हात पुसत होते, स्वच्छ झाले तरी पुसतच होते. “तो खाली उतरलाय, हे सांगायचं राहून गेलं. पाणी मी सोडलं.” मग म्हणाले, “घरी गेलो की बायको अजून विचारते, आज हो म्हणाला का?”

बाईंना फार वाईट वाटलं होतं. पण काम ते काम.

आता त्यांनी टॅबवर एकेक रकाना भरला. ‘हौदात कोणी आहे का?’ या प्रश्नावर त्या झाकणातून खाली डोकावल्या. हौद पुढे जाऊन डावीकडे वळत होता. दिसत होता तेवढा रिकामा होता. टॅबवरही कोणी उतरल्याची नोंद नव्हती. त्यांनी ‘नाही’ दाबलं आणि पडदा हिरवा झाला.

“झालं! अर्ध्या मिनिटाचं काम. सोडा पाणी.”

चष्मेवाला व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून मिस्त्रींकडे बघत राहिला.

“हो यायचाय,” मिस्त्री म्हणाले.

“अहो, पंपाच्या हादऱ्यानं वाजतं ते. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे की. पाय मीच कापलाय त्याचा. वाजावं म्हणूनच कापलाय.”

“मग?”

“मग वाजत का नाही?”

पंप चालू होता. पायाखालची फरशी नेहमीसारखी थरथरत होती, खिडकीच्या काचा वाजत होत्या, खिळ्याला टांगलेला पाना हलत होता. स्टूल तेवढं ढिम्म. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाईंचा धीर सुटला. कशाला उगाच नाटक, आपणच वाजवून टाकू, म्हणून त्यांनी बैठकीवर एक बोट दाबलं. मग तळवा दाबला. मग टॅब काखेत मारून दोन्ही हातांनी रेटलं. आखूड पाय फरशीपासून बोटभर वर तसाच राहिला आणि स्टूल काही कलेना, एखादा धिप्पाड माणूस वर बसलेला असावा तसं. बाईंनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

पंपघराच्या मागे हौदाचं दुसरं लोखंडी झाकण खणकन आपटलं. मागच्या दारानं साहेब आत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मोजायची टेप.

“अजून पाणी सोडलं नाही? सव्वादोन झाले! मी हौदाची मापं घेऊन वर आलोसुद्धा आणि तुमचं आपलं स्टूलपुराण चालूच!”

चाकावरचा हात चष्मेवाल्यानं झटकन खिशात घातला. “साहेब, तुम्ही उतरल्याची नोंद केली नव्हती टॅबवर,” तो कसाबसा म्हणाला.

“दहा मिनिटांच्या कामाला कसली नोंद?”

मिस्त्री भिंतीला धरून खाली बसले.

“बाई,” ते म्हणाले, “पुन्हा सांगा. मघाचं चुकीचं होतं.”

बाई पुन्हा स्टुलासमोर उभ्या राहिल्या. “हौद रिकामा,” त्या म्हणाल्या. “व्हॉल्व्ह बंद. खाली…” त्यांनी वळून एकेकाकडे पाहिलं. मिस्त्री, चष्मेवाला, साहेब. “खाली कोणी नाही.”

“शिकल्यासवरल्या बाई तुम्ही, आणि हा पोरखेळ!” साहेब पुढे झाले. “उचला ते आधी. द्या, मीच उचलतो.”

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. काखेतल्या टॅबचा पडदा अजून हिरवाच होता.

“थांबा, साहेब,” त्या हळूच म्हणाल्या. “हो यायचाय.”