शाळेवरून

शाळेतल्या गोळीबारात डार्लीनची मुलगी टेसा गेली, तरी आमदार प्रुइटनं बंदुकांना आळा घालणाऱ्या कायद्याच्या विरोधातच हात वर केला. मतदानाच्या दिवशी मात्र डार्लीन त्याच्याच चर्चमधल्या म्हाताऱ्यांना आपल्या व्हॅनमधून केंद्रावर आणत राहिली.

"मनात काही ठेवलं नाहीस, बरं वाटलं," केंद्राबाहेर प्रुइट तिला म्हणाला. ती नुसती हसली.

निकालात तो आपटला. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा राहिला. "माझी हक्काची माणसं होती ती. काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही, साहेब. गाडी तेवढी टेसाच्या शाळेवरून नेली."

"शाळा तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे."

"हो, लांब पडतं. पण मला आता घरी परतायची घाई नसते."