दांडा नको

फुलं विकणारा माणूस खरं तर आनंद विकत असतो, असं गोकुळदास म्हणायचा. तुयेच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने हळर्णला घरामागे जर्बेरा आणि ॲस्टर लावले, रस्त्यावर ‘ताजा कट फ्लॉवर मिळेल’ असा फोन नंबरासह फलक ठोकला, आणि पुढचे तीन महिने आनंद न्यायला कोणी फिरकलं नाही.

“रविवारपर्यंत एक तरी गिऱ्हाईक येऊं दी,” त्याची बायको सुविधा म्हणाली, “नाय तर ह्या सगळा उपटून थंय मिरच्या लावतलंय.”

शनिवारी दुपारी फोन वाजला. मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसवर दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

“धा किलो कट फ्लॉवर व्हयो. सकाळी आठाक.”

“लांब दांड्याचा देऊ?” गोकुळदासने वही-पेन ओढत विचारलं.

“दांडो अजिबात नको. आनी मिठाच्या पाण्यात घालून हाडा.”

मोठ्या गिऱ्हाइकांच्या रीती वेगळ्या असतात, असं त्याने सुविधाला समजावलं. उजाडताच दोघांनी बागेतलं झाडून सगळं खुडलं. कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत, तेव्हा कुठे वजन दहा किलो भरलं.

मांद्र्याला गेस्ट हाऊसच्या आचाऱ्याने मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत वाकून पाहिलं. मग गोकुळदासकडे पाहिलं.

“अरे बाबा, भाजीचो फ्लॉवर खंय?”

 

बारशाला शेवटी बटाट्याची भाजी झाली.