अडकलेली पेशी

“ओतून टाक त्या पेशी. औषध जास्त पडलंय, मेल्यात त्या,” कुंटेसर प्रयोगशाळेत शिरताच म्हणाले.

पीएचडी करणाऱ्या शर्वाणीनं हातची बशी सोडली नाही. “मेल्या नाहीत सर, अडकल्यात. पेशीचे दोन भाग व्हायचे तर केंद्रकाभोवतीचं प्रथिनांचं अस्तर आधी विरघळावं लागतं. मी त्या प्रथिनात एक बदल केलाय, म्हणून ते विरघळत नाहीये.”

“तीस वर्षं पेशी बघतोय मी.”

“मग सोमवारी आणखी दोन बघा.”

सोमवारी तिनं दोन बशा मांडल्या. औषध दोन्हींत सारखंच होतं. बदललेलं प्रथिन फक्त दुसरीत. सर तासभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. पहिल्या बशीत, दिसावं म्हणून हिरवं चमकवलेलं अस्तराचं कडं विरलं, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली गेली आणि दोन नव्या पेशींत दोन नवी कडी उमटली. दुसरीत कडं जागचं हललं नाही. पेशी जिवंत होती, पण एकीच्या दोन होईनात.

शर्वाणी वहीत वेळा टिपत होती. तिला उत्तर ठाऊकच होतं.

सर उठले आणि दार उघडून त्यांनी हाक मारली, “सगळे इकडे या रे! शर्वाणी शिकवतेय.”