कोणी चालू केला?

जळकोटला घरून सॉफ्टवेअरचं काम करणारी शिवांजली सकाळीच तडकली. लॅपटॉपवर एक कंटेनर, म्हणजे स्वतःच्या डब्यात बंद राहून चालणारा प्रोग्राम, चालू होता आणि तो तिनं लावलेलाच नव्हता.

"कुणाच्या बापाचं मशीन आहे हे?" म्हणत तिनं स्टॉपची कमांड मारली.

स्वयंपाकघरातली भाकरीची थपथप थांबली.

"कोन धरतंय गं माझा हात?" आतून आई खेकसली.

तेवढ्यात कंटेनर आपोआप पुन्हा चालू झाला. थपथपही सुरू झाली.

शिवांजलीचं टाळकंच सरकलं. तिनं कंटेनर उडवला. परत उगवायला नको म्हणून तो ज्या साच्यातून बनतो ती इमेजही पुसून टाकली.

थपथप थांबली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"शिवे," आई कडाडली, "कुठं नेलास गं माझा हात?"