दगडाची कोरी बाजू

"ताई, मारू का कुदळ?" भिमानं विचारलं.

तो रत्नम्माच्या कबरीपाशी उभा होता. शेजारी शुभदाच्या वडिलांची कबर. तिच्या उशाशी एक रुंद दगड होता. दगडाच्या डाव्या बाजूला वडिलांचं नाव कोरलेलं, उजवी बाजू कोरी. ती आईसाठी राखून ठेवली होती. आई आता चर्चमध्ये पेटीत होती, आणि दुपारी उपासना झाली की तिला इथं आणायचं होतं.

"थांब जरा," शुभदा म्हणाली.

"आता कशाला थांबायचं?" शांतवनकाका म्हणाले. ते वडिलांचे धाकटे भाऊ, मंडळीतले पंच. "सकाळी तूच हो म्हणालीस. सात वर्षं झाली, आत काय राहिलं असेल? हाडं बाजूला सारायची, वर वहिनींची पेटी ठेवायची. जागा नसली की सगळीकडं असंच करतात."

ती हो म्हणाली होती, हे खरं होतं. आईनं बाबांच्या शेजारी असावं, एवढंच तिला सकाळपासून हवं होतं.

रत्नम्मा अक्कलकोटकडची. टॉवेलच्या कारखान्यात आईच्या शेजारच्या मशीनवर कडा शिवायची आणि रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. बाप्तिस्मा घ्यायचा राहून गेला होता. ती गेली तेव्हा ना माहेरचं कुणी आलं, ना सासरचं. पंच म्हणाले, सभासद नाही, कुंपणाशी बेवारसांच्या रांगेत ठेवा. तेव्हा आई चर्चमधल्या बायकांच्या बाकावरून उठून उभी राहिली होती. "बेवारस कशी? मी हाय की. माझी जागा द्या तिला."

"तेव्हाच म्हटलं होतं, वहिनी, पस्तावाल," काका म्हणाले. "ताटातलं दिलं, अंगावरचं दिलं, समजू शकतो. नवऱ्याशेजारची जागा कोण देतं का?"

शुभदा खाली वाकली. ईस्टरच्या पहाटे आईनं दोन्ही कबरींवर लावलेल्या मेणबत्त्यांची बुडखी अजून तिथंच चिकटलेली होती. वडिलांच्या कबरीवरची बारीक होती, रत्नम्माच्या कबरीवरची जाड. त्या पहाटे शुभदानं हसून विचारलं होतं, हे कसलं वाटप? आई म्हणाली होती, "तुझ्या बाबाला माझी सवय हाय. ही अजून नवी हाय हितं."

ती सरळ उभी राहिली. "भिमा, कुदळ बाजूला ठेव."

भिमानं काकांकडं पाहिलं. काकांनी पाळकसाहेबांकडं.

पाळकसाहेब तरुण होते, गेल्याच वर्षी सोलापूरला बदलून आलेले. ते हळू आवाजात म्हणाले, "शुभदाताई, आईंचा त्याग प्रभू विसरणार नाही. त्याचं प्रतिफळ त्यांना वर मिळणारच आहे. इथल्या चार हात मातीचं काय एवढं?"

"मग इथली परत कशाला घ्यायची?"

भिंतीपलीकडच्या शेडमध्ये माग खडखडत होते.

"घेतली तर रत्नम्मा काय भांडायला येणार आहे?" काका म्हणाले. "तिच्या बाजूनं विचारणारं कोण आहे?"

"मी विचारतेय की."

"बरं. मग वहिनींना ठेवायचं कुठं, ते तरी सांग. माझ्या डोक्यावर?"

"कुंपणाशी. बाभळीखाली जागा आहे."

"तिथं बेवारस पुरतात, शुभदा."

"माहीत आहे."

"पंचाची भावजय बेवारसांच्या रांगेत. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"आईला तिथं ठेवलं की ती रांग बेवारसांची राहणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

पाळकसाहेबांनी दगडाच्या कोऱ्या बाजूकडं पाहिलं. मग म्हणाले, "भिमा, कुंपणाशी खण."

"तितली माती लई कडक हाय साहेब," भिमा म्हणाला. "वेळ लागंल."

"लागू दे."

आईला आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पेटी खाली गेली. एकेकानं पुढं येऊन मूठमूठ माती दिली. कारखान्यातल्या बायका कुंपणालगत दाटीनं उभ्या होत्या. मागांच्या आवाजात प्रार्थनेतले निम्मे शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत. आईला त्या आवाजात बोलायची सवय होती. घरीसुद्धा ती ओरडूनच बोलायची.

लोक पांगल्यावर काका वडिलांच्या कबरीपाशी थांबले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"दादानं हा दगड किती हौसेनं निवडला होता," ते म्हणाले. "दोघांची नावं एका दगडावर हवीत म्हणून. आता ही बाजू अशीच कोरी राहणार."

"कोरी नाही ठेवायची," शुभदा म्हणाली. "तिथं रत्नम्माचं नाव कोरायचं."

काका वळले. "दादाच्या नावाशेजारी परक्या बाईचं? अगं, येणारा-जाणारा विचारेल, ही कोण म्हणून."

शुभदानं ओढणीच्या टोकानं दगडाच्या कोऱ्या बाजूवरची धूळ पुसली.

"विचारू द्या," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी आईचं नाव निघेल."